रॅकमागचे तीन वेढे

वसंतराव, तुमच्या कावळ्यानं दहाव्याला आम्हाला चांगलंच ताटकळत ठेवलं.

खाडीकाठी पिंड मांडून आम्ही सगळे बाजूला उभे होतो. कावळा नव्हता असं नाही. समोरच्या सुरूच्या झाडावर तो ऐसपैस बसला होता, एका डोळ्यानं आमच्याकडे बघत होता, पण खाली उतरायचं नाव घेत नव्हता. तुमच्या धाकट्या भावानं हात जोडून सांगितलं, "दादा, वहिनीची काळजी करू नकोस." कावळा ढिम्म. मग मुलीचं शिक्षण पुरं करू, असं सांगून झालं. घोलवडची वाडी विकणार नाही, असंही सांगून झालं. कावळा पंखात चोच खुपसून पिसं साफ करत बसला. ऊन चढायला लागलं. गुरुजी घड्याळ बघून दर्भाचा कावळा वळायला बसले, तेव्हा तुमचा भाऊ माझ्याकडे वळला. "दिनेशराव, साडू तुमचे. दिवसभर तुमच्याच बरोबर असायचे. तुम्ही बोला काहीतरी."

मी पुढे झालो. म्हणालो, "वसंतराव, तलासरीचं काम राहिलंय, ते पुरं करतो." काही नाही. तुम्हाला काय हवंय ते मला पक्कं माहीत होतं, पण ते कबूल करायला जीभ रेटत नव्हती. शेवटी हळूच म्हटलं, "बरं, एक वेढा सोडतो." कावळ्यानं मान दुसरीकडे फिरवली. आणि मग माझं डोकं फिरलं, तुमच्याशी बोलताना रोज फिरायचं तसंच. "बरं, तीन! तीन वेढे सोडतो, झालं समाधान?" एवढ्या जोरात ओरडलो की गुरुजींच्या हातातला दर्भ खाली पडला.

कावळा उतरला.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तुम्हाला ठाऊक आहे. त्याला भूक लागली असणार. पण चार माणसांत शब्द दिला तो दिला.

परतीच्या वाटेवर जो तो विचारायला लागला, "कसले वेढे?" मी समजावायचा प्रयत्न केला. म्हटलं, मोठ्या इमारतीत जिन्याच्या बाजूला कपाटाएवढी खोली असते, तिच्यात इंटरनेटची केबल येते. त्या केबलच्या आत काचेच्या तारा असतात, केसाएवढ्या, आणि त्यांच्यातून उजेड पळतो. तार जास्त वाकवली किंवा आवळली की उजेड वाटेतच सांडतो आणि वरच्या मजल्यावर कुणाचं तरी काम अडतं. मी त्या तारा यंत्रानं जोडायचो. वसंतराव केबल रॅकमध्ये लावायचे, बांधायचे, आणि जास्तीची केबल रॅकमागे गोल गुंडाळून ठेवायचे. तीन वेढे. ते वेढे ठेवावेत की नाही ह्यावर आम्ही भांडायचो.

"किती दिवस?" तुमच्या भावानं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," मी म्हणालो. तो हसला. तुम्ही गेल्यापासून त्या घरातलं कुणी हसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, म्हणून आधी तुम्हाला सांगतो.

पहिला दिवस आठवतो ना? मी वापीची नोकरी सोडून मसोलीला परत आलो होतो, तारा जोडायचं यंत्र घेतलं होतं आणि हाताखाली माणूस शोधत होतो. शोभा म्हणाली, "माझ्या ताईच्या नवऱ्याला विचारा, नर्सरीतलं काम सोडतोय म्हणे, गुडघे दुखतात." मला ते बिलकूल पटलं नव्हतं. बायकोच्या बहिणीचा नवरा म्हणजे लग्नात शेजारी बसवतात आणि जावयांत कोण वरचढ हे सगळी सासुरवाडी टक लावून बघते तो माणूस. त्याच्याबरोबर धंदा कोण करील? आणि तुम्ही म्हणालात, "साडू, हाताखाली येणार नाही. बरोबरीनं येईन." 

डहाणू रोडची ती चार मजली सोसायटी आपलं पहिलं काम. मी आदल्या दिवशी तुम्हाला सांगितलं होतं की केबल फार लहान गोलात वळवायची नाही, मोठा वळसा पाहिजे. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्कूटरवर मंदाताईंची भाकरी थापायची परात घेऊन हजर! म्हणालात, "हिच्याभोवती गुंडाळतो. वळसा कधी चुकायचा नाही." सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात उभे राहून बघत होते आणि मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. केबल मात्र इतकी सुरेख गोल बसली की सेक्रेटरींनी मोबाइलवर फोटो काढला. मग तुम्ही परात आतच विसरून दरवाजा बंद करून आलात. संध्याकाळी मंदाताईंचा फोन मला. "दिनेशराव, माझी परात कुठल्या बिल्डिंगीत आहे?" त्या स्वतः गेल्या, वॉचमनकडून खोली उघडून घेतली, आतल्या केबल बघितल्या, परात काखोटीला मारली आणि घरी आल्या. तुम्हाला काय म्हणाल्या ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पुठ्ठ्याचा गोल कापून आणायला लागलात.

आणि तुमच्या त्या पट्ट्या! अख्खं जग केबल बांधायला काळे प्लॅस्टिकचे टाय वापरतं. ओढला की कर्रर्र आवाज होतो, जास्तीचं शेपूट कापून टाकायचं, काम संपलं. तुम्ही मात्र खिशातून कलमं बांधायची पट्टी काढायचात, मऊ, पारदर्शक, बोटभर रुंद. खिरणीच्या रोपावर चिकूचं कलम बांधतात तीच. "टाय रुततो, साडू. कलम आवळून बांधलं तर मरतं, सैल बांधलं तर सुटतं. हाताला कळलं पाहिजे." मी म्हणायचो, ही काही झाडं नाहीत, वाढणार नाहीत. तुम्ही म्हणायचात, "बिल्डिंग वाढते ना." मी निमूट यंत्राकडे वळायचो.

एक मात्र बोललंच पाहिजे. जोडणीच्या टोकावर फुंकर मारायची तुमची खोड काही केल्या गेली नाही. नर्सरीत पानावरची धूळ उडवायची सवय, ती तशीच राहिली. कितीदा सांगितलं, तोंडातली वाफ काचेवर बसते, पुसायचं कापड वेगळं असतं. "हो हो," म्हणायचात आणि पाठ वळली की फूऽऽ. तुम्ही गेल्यावर मी एकटा काम करत होतो तेव्हा टोक हातात धरलं की कान आपोआप मागे लागायचे. आवाज यायचा नाही. टोकं एकदम स्वच्छ असायची वसंतराव, आणि मला ते अजिबात आवडायचं नाही.

वेढ्यांचं भांडण तुम्ही कधी मिटवूच दिलं नाहीत. माझं म्हणणं साधं होतं. खोली आधीच अरुंद, त्यात रॅकमागे तीन वेढे म्हणजे दरवाजा उघडणाऱ्याला वाटतं, कुणीतरी जिलब्या टांगून ठेवल्यात. केबल मोजून कापावी, सरळ आणावी, नव्वद अंशात वळसा देऊन सोडावी, डोळ्यांना कसं बरं वाटतं. फार तर एक वेढा, अडीअडचणीला. तुमचं म्हणणं, "नंतर जो येईल त्याच्या हाताला काहीतरी लागलं पाहिजे." मी विचारायचो, "कोण येणार आहे नंतर? आपणच तर येतो." घोलवडच्या पॅकिंग शेडमध्ये काय झालं होतं? आपण तक्रार बघायला गेलो तर चिकू भरणाऱ्या बायकांनी तुमच्या वेढ्याला जेवणाचे डबे अडकवून ठेवलेले. ओळीनं. मी म्हटलं, "हे बघा, हा तुमच्या वेढ्याचा उपयोग." तुम्ही डबे एकेक करून काढलेत, केबल हातानं चाचपलीत आणि म्हणालात, "बघा, डबे तोलले. मजबूत आहे." बायका खो खो हसत होत्या. त्यातल्या एकीनं आपल्याला चिकू दिले, आणि चिकाच्या हातानं कनेक्टरला हात लावू नका म्हणून मी तुम्हाला ओरडलो.

असं सगळं चाललं होतं. मग एका सकाळी तुम्ही चहा घेतलात, अंगणातल्या खुर्चीत जाऊन बसलात आणि गेलात. ना आजार, ना दवाखाना. इतक्या सरळ तुम्ही आयुष्यात दुसरं काहीच केलं नाहीत.

दहाव्याहून घरी आल्यावर मी शोभाला सांगितलं की तलासरीचं काम पुरं करतो आणि मग दुकानाचं शटर खाली. एकजण जोडतो आणि एकजण बांधतो तेव्हा हा धंदा होतो. जोडणारा मिळेल, बाजारात खूप आहेत. तुमच्यासारखं बांधणारा कुठून आणू? वापीला पुन्हा नोकरी बघतो, असं म्हणालो. तिला बहिणीची जास्त काळजी होती. मंदाताई रडत नव्हत्या, जेवत होत्या, विचारलं तेवढं उत्तर देत होत्या, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नव्हत्या. ज्या खुर्चीत तुम्ही गेलात तिच्यावर कुणाला बसू देत नव्हत्या आणि स्वतःही बसत नव्हत्या.

तलासरीला गेलो तर तिथं वेगळंच वाढून ठेवलेलं. महामार्गालगतची ती तीन मजली इमारत, खाली दवाखाना आणि रक्त तपासायची लॅब, वर कचेऱ्या. खालची खोली तुम्ही जाण्याआधी स्वतः बांधून पुरी केली होतीत, वरची राहिली होती. दार उघडलं आणि बघतो तर रॅकच्या पाठच्या भिंतीला ओल. पलीकडच्या बाजूला कुणीतरी पाण्याचा कूलर बसवला होता आणि त्याचा नळ भिंतीत झिरपत होता. रॅकच्या माथ्यावर थेंब पडायला लागले होते. रॅक लगेच समोरच्या भिंतीला हलवणं भाग होतं.

इमारतीचे मॅनेजर भरतभाई मागे उभे होते. "दिनेशभाई, लॅबवाले माथु खाय छे. बे वाग्या पहेला चालू करी आपो ने." मग माझा चेहरा बघून मराठीत आले, "दोनच्या आत होईल ना? पेशंटचे रिपोर्ट अडकतील."

केबल समोरच्या भिंतीपर्यंत पोचली नाही तर ती थेट रस्त्यावरच्या चेंबरपासून नव्यानं ओढावी लागणार होती. म्हणजे लॅब दोन दिवस बंद. मी रॅकमागे हात घातला. होते तिथं. तीन वेढे, परातीएवढे, एकावर एक नीट बसलेले. मी एकच सोडला असता तर त्या दिवशी दाराशीच बसून राहिलो असतो. हसू नका.

पण वेढे मोकळे करायचे तर तुमच्या गाठी सोडायला हव्या होत्या. त्या मी कधी सोडल्याच नव्हत्या. तुमच्या गाठी तुम्हीच सोडायचात. पट्टीचं टोक तुम्ही कुठल्या तरी आतल्या फेऱ्याखाली सारून असं ओढून घ्यायचात की बाहेरून शेपूटच दिसायचं नाही. मी नखानं चाचपलं, टॉर्च लावली, चष्मा काढला, घातला. टोक सापडेना. ब्लेड लावायचं म्हटलं तर पट्टीच्या खाली लगेच केबल, जरा हात घसरला की सगळंच संपलं. घामानं बोटं ओली, वर थेंब टपटपतोय, आणि मी तुम्हाला मोठ्यानं शिव्या देत होतो. सगळ्या नाही सांगत. भरतभाई घाबरून बाहेर गेले.

मग शोभाला फोन केला. कशाला केला ते मलाही माहीत नाही, वैतागलो की तिलाच करतो. म्हटलं, "तुझ्या भाऊजींनी मेल्यावरही माझ्या नाकात दम आणलाय. नर्सरीतली गाठ मारून ठेवलीय, सुटत नाही." मग दुसराच आवाज आला. "कुठली गाठ? आत सारलेली का?"

मंदाताई होत्या. शोभा तिकडेच गेली होती.

"हो ताई."

"ब्लेड लावू नका. हात लावू नका. आम्ही येतो."

शोभाच्या स्कूटीवर मागे बसून त्या आल्या. दहाव्यानंतर पहिल्यांदाच घराबाहेर. साधी सुती साडी, पदर खोचलेला, पायात तुमच्याच चपला. खोलीच्या दारात एक क्षण थांबल्या. रॅककडे, केबलींच्या सरळ रांगांकडे, पट्ट्यांकडे बघितलं. मला वाटलं आता रडतील. तर म्हणाल्या, "सरका तिकडे. उजेड अडतोय."

मी सरकलो. त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला, एका जागी थांबल्या, नखानं जरासं दाबलं आणि टोक बाहेर आलं. ओढलं तशी अख्खी पट्टी सुळकन सुटली. "नर्सरीत पट्ट्या परत वापरायच्या असायच्या," त्या म्हणाल्या. "म्हणून टोक आत ठेवायचं, सोडणाऱ्याला कळेल असं. ही गाठ मीच शिकवली त्यांना. आधी काय धड बांधायचे? पहिल्या वर्षी माझ्याच शेजारी बसवलं होतं त्यांना, निम्मी कलमं सुकवली."

वसंतराव! इतकी वर्षं "हाताला कळलं पाहिजे" म्हणून मला शिकवत होतात ते हे? ती अक्कल तुम्ही ताईंकडून आणली होतीत, आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत?

मी जेव्हा हे शोभाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यात काय, तुम्हाला सोडून सगळ्यांना माहीत आहे."

बाकीचं भराभर झालं. रॅक समोर गेला. मंदाताईंनी केबल हातावर तोलून धरली, मी तिला वाट दिली, कुठंही ताण नाही, कुठंही मुडपलेलं नाही. दोन वेढे त्यात खर्ची पडले आणि एक उरला. दिवे लुकलुकायला लागले आणि लॅबमधली मुलगी आतून ओरडली, "आलं!" भरतभाईंनी चहा मागवला. घड्याळात दोन वाजायचे होते.

मंदाताईंनी उरलेला वेढा पट्टीनं बांधला. बांधताना त्यांचे ओठ हलत होते. तुमच्याशी बोलत होत्या की मोजत होत्या, मी विचारलं नाही. गाठ मारून झाल्यावर त्यांनी तिच्यावर हात ठेवला, तसाच थोडा वेळ राहू दिला. तेव्हा मात्र त्या रडल्या, आणि मीही. दोघंही त्या कपाटाएवढ्या खोलीत, चहा बाजूला गार होत. मला तुमची फार आठवण येते, वसंतराव. तुमच्यासमोर हे कधी म्हणालो नसतो. साडू एकमेकांना असलं काही सांगत नाहीत. तुम्ही बांधलेल्या खोलीचं दार उघडलं की मनातून दरवेळी मला बरं वाटायचं, जिलब्यांसकट. हेही सांगायचं राहिलं होतं.

डोळे पुसून ताई म्हणाल्या, "वरची खोली राहिलीय ना?"

"ती उद्या. नंतर मी दुकान..."

"दुकानाचं काय?"

मी शोभाकडे बघितलं. ती कपात बघत होती. "ताई, बांधणारं कुणी नाही," मी म्हणालो.

"मग मी आता काय केलं?" मंदाताईंनी पदर पुन्हा खोचला. "उद्या किती वाजता निघायचं ते सांगा. हाताखाली येणार नाही हां. बरोबरीनं येईन."

हे शब्द मी आधी ऐकले होते. ते तुमचे नव्हतेच, हे आता कळतंय.

दुसऱ्या दिवशी वरची खोली लावली. मी जोडत होतो, त्या बांधत होत्या. कामाचा शेवट आला तसं मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो, कावळ्याला दिलेला शब्द मोडायला नको. "ताई, तीन वेढे सोडायचेत," मी म्हणालो. "कबूल केलंय मी. सगळ्यांसमोर."

"ते तुमचं आणि त्यांचं," त्या म्हणाल्या. "खाली दोन कालच संपले. ह्या भिंतीला आज ओल नाही, उद्या येईल. पुढच्याला मग काय उरणार?" आणि पिशवीतून परात काढली.

तीच. डहाणूच्या सोसायटीतली. तिच्याभोवती केबल गुंडाळायला लागल्या. एक झाला, दोन झाले, तीन झाले. मी म्हटलं, "बस." त्या थांबल्या नाहीत. मी म्हटलं, "ताई, जागा नाही, दार लागायचं नाही, कामाचा फोटो कसा येईल?" त्यांनी चौथा वेढा परातीवरून उतरवला, आधीच्या तिन्हींवर नीट बसवला, गाठ मारली, टोक आत सारलं, आणि मग वाकून जोडणीच्या टोकावर एक फुंकर मारली.

मी कपाळाला हात लावला. आम्ही अर्धा तास भांडलो. भरतभाई पुन्हा बाहेर जाऊन उभे राहिले. शेवटी चार वेढे तसेच राहिले आणि टोक मी पुसून घेतलं. दार लागतं, पण जरा दाबावं लागतं.

परवा घोलवडचं काम आहे. मी आधीच सांगून ठेवलंय की तीनच. त्या "बघू" म्हणाल्यात, आणि त्यांचं बघू म्हणजे काय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. दुकानाचं शटर रोज वर जातं. तुमच्या खुर्चीत आता ताई बसतात, सकाळी चहा घेऊन, मी स्कूटरचा हॉर्न वाजवेपर्यंत.

वसंतराव, तुम्ही निदान तीनवर थांबायचात.